आबांची नक्कल

बेदाण्याच्या शेडात मुक्ताबाईंची जागा पट्ट्याच्या तोंडाशी असायची. यंत्रातून काड्या झडलेला माल पट्ट्यावर उतरला की सगळ्यात आधी तो त्यांच्या बोटांखालून जाई. काळा मणी वेगळा, फुटका वेगळा, देठ राहिलेला वेगळा. वय अठ्ठावन्न, डोळ्यांना चष्मा. पण निवडताना त्या चष्मा कपाळावर सरकवत. "डोळ्यांचं काम न्हाई ह्ये, बोटांचं हाय," असं नव्या बाईला सांगत, आणि नवी बाई महिन्याभरात ते मान्य करी.

त्यांचं माहेर वडूजकडचं, कोरडवाहू. सोळाव्या वर्षी लग्न होऊन तासगाव तालुक्यातल्या गावात आल्या तेव्हा द्राक्षाचा मांडव त्यांनी पहिल्यांदा पाहिला. पुढची पंचवीसेक वर्षं त्या मांडवाखाली गेली, त्यानंतरची या शेडात. आता त्या टोळीच्या मुकादम होत्या. अठरा बायका, अकरा त्यांच्या बौद्धवस्तीतल्या, बाकीच्या मराठा आणि धनगर. हंगामात रोज सकाळी मालक भाऊसोंचा टेम्पो गावात येई आणि संध्याकाळी त्यांना परत आणून सोडी.

निवडायचं काम अवघड नाही, कंटाळवाणं आहे. आठ तास पांढऱ्या उजेडात वाहता माल बघत राहिलं की एका क्षणी पट्टा थांबल्यासारखा वाटतो आणि आपणच वाहायला लागतो. दुपारच्या भाकरीनंतर बायकांचे हात जड होत. तेव्हा मुक्ताबाई उठत. डोक्यावरची जाळीची टोपी काढून पदर फेट्यासारखा गुंडाळत, एक हात कमरेमागे घेत, दोनदा खाकरत आणि नाकातून आवाज काढत, "काय गं ए—"

यापुढे जो शब्द येई तो त्यांच्या जुन्या जातीचं नाव होता, शेवटी तुच्छतेचं शेपूट जोडलेलं. तो इथे लिहायची गरज नाही. या भागात वाढलेल्या प्रत्येकाने तो ऐकला आहे.

"काय गं ए—, मणी निवडतीस का मण्याशी सोयरीक जुळवतीस?"

सगळं शेड हसायचं. हात हलके व्हायचे. मराठ्यांच्या, धनगरांच्या बायका आधी तोंडावर पदर धरून हसत, नंतर नुसत्याच हसू लागल्या. मुक्ताबाई तो शब्द फक्त आपल्या वस्तीतल्या बाईला म्हणत, दुसऱ्या कुणालाही नाही. त्यांच्या दृष्टीने तो घरातला मामला होता.

ही नक्कल होती आकाराम आबांची, भाऊसोंच्या वडिलांची. पस्तीस वर्षांपूर्वी मुक्ताबाई त्यांच्या बागेत घड विरळायला जात. आबा मांडवाखालून कमरेमागे हात घेऊन येत, दोनदा खाकरत, आणि कुणाही बाईला नावाने हाक मारत नसत. सगळ्यांना एकच हाक. आबा बांधापलीकडे गेले की मुक्ताबाई त्यांच्या चालीने दोन ओळी चालून दाखवत आणि बायका पोट धरून खाली बसत. त्या काळी आबांना उलट बोलण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. त्यांना हसणं एवढंच हातात होतं, आणि ते मुक्ताबाईंना फार चांगलं जमायचं.

सासू धोंडुबाई मात्र हसत नसत. नक्कल सुरू झाली की त्या तांब्या घेऊन विहिरीकडे निघत. एकदा म्हणाल्या, "त्यो म्हणतो ती त्याची जीभ. तू कशाला आपल्या जिभंवर घेतीस?"

"आवं आत्याबाई, त्याचीच खोड मोडतीया की मी."

"त्येला कुठं ऐकू जातंय?"

सासू भित्री आहे, असं मुक्ताबाईंनी तेव्हा मनात धरलं.

आबा वारले त्याला एकवीस वर्षं झाली. धोंडुबाई गेल्या. ज्या बायकांनी आबांना चालताना पाहिलं होतं त्या एकेक करून कामातून उठल्या. कुणाचे गुडघे गेले, कुणी मुलाकडे पुण्याला गेलं. नक्कल मात्र चालत राहिली. ती कुणाची आहे हे मुक्ताबाईंनी कुणाला सांगितलं नाही. जुन्यांना सांगायची गरज नव्हती आणि नव्या बायकांनी विचारलं नाही. त्यांना ती मुक्ताबाईंचीच वाटे.

दोन वर्षांपूर्वी त्यांची पुतणी प्रियदर्शनी शेडात आली. बी.कॉम. झालेली, अबोल, बँकेच्या परीक्षा देत असलेली. वजनकाट्यापाशी बसून ती लॉटचे आकडे संगणकात भरी आणि पेट्यांवर शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावी. मुक्ताबाईंना तिचा भारी अभिमान. अभिमान दाखवायची त्यांची पद्धत एकच होती. दुपारी त्या पट्ट्याकडून थेट काट्यापर्यंत आबांच्या चालीने येत आणि खाकरत, "काय गं ए—, मशीनला शिकवतीस का मशीन तुला शिकवतीया?"

प्रियदर्शनी हसे. निदान ओठ हलवी.

गेल्या एप्रिलमधल्या एका मंगळवारी, साधारण अकरा वाजता, सौद्याला जाणाऱ्या गाडीत पेट्या भरल्या जात होत्या. भाऊसोंचा मुलगा वीरधवल दारात उभा होता. सव्वीस वर्षांचा, दोन महिन्यांनी लग्न ठरलेला. त्याने तोंडी सांगितलेल्या नावाच्या चिठ्ठ्या प्रियदर्शनीने लावल्या होत्या, आणि नाव चुकीचं होतं. गाडीच्या ड्रायव्हरने ते ओळखलं आणि मोठ्याने हसून म्हटलं, "मालक, दुसऱ्याचाच माल इकायला काढलाय व्हय?"

वीरधवलचा चेहरा उतरला. तो काट्याकडे वळला.

"काय गं ए—, लिवता येत न्हाई का तुला?"

तोच शब्द. आणि शेड हसलं.

सवयीने हसलं. त्या चालीचं वाक्य आलं की हसायचं, एवढं त्यांच्या अंगात मुरलं होतं. पट्ट्याच्या तोंडाशी मुक्ताबाईंच्याही तोंडून एक हुंकार निघाला, हसण्याचा. तो निघाल्यावर त्यांना ऐकू आलं की आवाज बाईचा नव्हता. त्यांनी मान वर केली. प्रियदर्शनी वीरधवलकडे बघत नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती.

"काय म्हणालास?" तिने मान न वळवताच विचारलं.

"तुझी मोठी आई रोज म्हणती तवा हसतीस की," वीरधवल म्हणाला. "मी म्हटल्यावर काय झालं?"

प्रियदर्शनीने संगणक बंद केला, पिशवी उचलली आणि ती चालत बाहेर पडली. पट्टा चालूच होता. काळे मणी, फुटके मणी सगळे पुढे निघून चालले होते.

संध्याकाळपर्यंत ती वडिलांना घेऊन पोलीस ठाण्यात पोहोचली. तिचे वडील धनाजी, मुक्ताबाईंचे धाकटे दीर, सैन्यातून निवृत्त झालेले. वस्तीतली पंधरा-वीस माणसं ठाण्याच्या आवारात बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंद झाला. वीरधवलच्या वकिलाने जामिनासाठी धावपळ सुरू केली आणि त्याच दिवशी टोळीतल्या रेश्माच्या फोनमधली एक चित्रफीत सगळ्या तालुक्यात फिरली. रेश्मा धनगराची, कुणाचं वाईट चिंतणारी नव्हे. तिने मागच्या हंगामात गंमत म्हणून ती काढली होती: पदराचा फेटा, कमरेमागचा हात, खाकरणं, तो शब्द, आणि समोर ओठ हलवणारी प्रियदर्शनी. कुणीतरी खाली लिहिलं होतं, 'ह्यांनी म्हटलं तर गंमत, दुसऱ्यानं म्हटलं तर गुन्हा?'

मुक्ताबाईंना साक्षीदार म्हणून बोलावणार हे ठरलेलं होतं. शब्द उच्चारला गेला तेव्हा सगळ्यात जवळ त्याच होत्या.

शुक्रवारी सकाळी नळावर धनाजी आले. "वैनी, पोलिसांना तू एकच सांगायचं: मी कवाच असलं बोलत न्हाई. ती फीत बनावट हाय."

"बनावट न्हाई, भाऊजी."

"मला म्हायती हाय. वकील म्हणतो, आपल्यातल्यानं आपल्याला म्हटलं तर ह्यो कायदा लागूच हुत न्हाई. तुला कुणी काय करत न्हाई. पर त्यांचा वकील म्हणंल, शेडात चालतंच असलं बोलणं. केस तितंच बसली. पोरीचं तोंड सगळ्या तालुक्यानं बघितलंय आता. ती एकटी पडंल."

दुपारी भाऊसो स्वतः शेडात पट्ट्यापाशी आले. त्यांचा स्वर मऊ होता. "मुक्ताबाई, इतकी वर्सं तुमी हितं हाय. कवा तुमाला ए म्हटलं का मी?"

"न्हाई."

"पोरगं चुकलं. म्या त्याच्या कानफटात मारली. पर त्येचं आयुष्य नासंल. मी काय खोटं बोला म्हणत न्हाई. तुमी फकस्त खरं सांगा. शेडात समदे हसून-खेळून असंच बोलत्यात, यवढंच."

म्हणजे घरचा माणूस खोटं सांगायला लावत होता आणि मालक खरं सांगायला. मुक्ताबाईंच्या बोटांतून त्या दुपारी पहिल्यांदाच काळे मणी निसटले. पलीकडच्या बाईने ते गुपचूप वेचले.

शनिवारी शेड बंद होतं. त्या दिराच्या घरी गेल्या. प्रियदर्शनी ओट्यावर पुस्तक उघडून बसली होती; पान उलटत नव्हतं.

"पोरी, मी काय सांगू ते तूच सांग."

"मला काय विचारतेस? बाबांनी सांगितलंय ना."

"त्यांचं ऱ्हाऊ दे. वकील म्हणतो, आपल्यातल्यानं म्हटलं तर गुन्हा न्हाई."

"कायद्याला नसेल." तिने पुस्तक मिटलं. "मला विचारलंस का कधी?"

मुक्ताबाई ओट्याच्या कडेला टेकल्या.

"तू काट्यापर्यंत चालत यायचीस ना, तेव्हा मी आकडे चुकायचे. दर वेळी. तू परत गेलीस की पुन्हा मोजायचे. सगळ्यांसमोर म्हणायचीस, मोठी आई. रेश्मासमोर, ड्रायव्हरसमोर. त्याच्यासमोर. मी हसले नाही तर तुझा अपमान होईल म्हणून हसायचे."

"अगं, ती तुझी थट्टा नव्हती. आबाची व्हती. आकाराम आबाची नक्कल हाय ती."

"कोण आबा?"

मुक्ताबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आबा मेले तेव्हा ही मुलगी जेमतेम दोन वर्षांची होती. तिला खाकरणं माहीत नव्हतं, मांडव माहीत नव्हता, दोन ओळी चालून दाखवल्यावर जमिनीला टेकणाऱ्या बायका माहीत नव्हत्या. ज्याला हसायचं तो माणूस कधीच उठून गेला होता. मागे राहिला होता त्याचा आवाज, आणि तो त्यांनी स्वतः जपून, रोज दुपारी न चुकता, या पोरीच्या अंगावर आणून सोडला होता.

"तू म्हटलेलं आणि त्यानं म्हटलेलं सारखं नाही," प्रियदर्शनी हळू म्हणाली. "ते मलाही कळतं. पण ते काट्यापाशी बसून वेगळं वेगळं ऐकू येत नाही."

सोमवारी उपअधीक्षक मॅडम पंचनाम्यासाठी शेडवर आल्या. चाळिशीच्या, शांत, हातात पाण्याची बाटली. घटनेची जागा मोजली गेली. काट्यापासून दार किती, दारापासून पट्टा किती. मग साक्षीदारांचे जबाब भाऊसोंच्या बसायच्या छोट्या खोलीत सुरू झाले. सोबत लिहून घेणारा हवालदार. पट्टा बंद होता, त्यामुळे खोलीतलं बोलणं शेडभर ऐकू जात होतं. सतरा बायका पालथ्या क्रेटवर बसून होत्या. धनाजी बाहेर लिंबाखाली. प्रियदर्शनी काट्याच्या टेबलाला टेकून उभी.

मुक्ताबाई आत गेल्या तेव्हा भाऊसो खुर्चीतून उठले नाहीत.

"तुम्ही जरा बाहेर थांबा," मॅडम त्यांना म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या त्यास्नी," मुक्ताबाई म्हणाल्या. "त्यांच्या म्होरंच सांगायचं हाय."

मॅडमनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "दडपण नाही ना कुणाचं?"

"हाय. दोन्हीकडनं. म्हणूनच म्हणते, असू द्या."

मंगळवारी काय झालं ते त्यांनी सांगितलं. शब्द सांगितला. कोण म्हणालं, कुणाला म्हणालं, कोण कोण हसलं. "मी बी हसले," म्हणाल्या. हवालदाराचं पेन थांबलं आणि पुन्हा चाललं.

"व्हिडिओत तुम्ही आहात?" मॅडमनी विचारलं.

"व्हय. मीच हाय."

बाहेर लिंबाखाली धनाजी उभे राहिले.

"म्हणजे शेडात हा शब्द सर्रास वापरला जातो?"

भाऊसोंनी मान थोडी पुढे घेतली. मुक्ताबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"मी वापरती. दुसरं कुणी न्हाई. आन् मी माझ्या आवाजात वापरत न्हाई."

"म्हणजे?"

मुक्ताबाई उठल्या. टोपी नव्हतीच, पदर डोक्याला गुंडाळला. एक हात कमरेमागे घेतला. मान किंचित डावीकडे झुकवली, आणि दोनदा खाकरल्या.

शब्द म्हणायची गरज पडली नाही. भाऊसो खुर्चीतून अर्धे उठले होते. वडिलांचं खाकरणं एकवीस वर्षांनी या खोलीत आलं होतं आणि मुलाने ते पहिल्या झटक्यात ओळखलं. त्यांचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट बसला.

"ह्ये आकाराम आबा," मुक्ताबाई मॅडमना म्हणाल्या, पदर सोडत. "ह्यांचं वडील. आमाला नाव घिऊन कवा बोलावलं न्हाई त्यांनी. म्होरं बोलायची छाती नव्हती, म्हणून माघारी आमी त्यास्नी हसायचो. पस्तीस वर्सं हसतीया मी."

"मुक्ताबाई," भाऊसो कसेबसे म्हणाले, "मेलेल्या माणसाला—"

"जित्तेपणी कुठं सोय व्हती, भाऊसो?"

शेडातून कुणाच्या तरी तोंडून हसू फुटलं आणि तिथंच दाबलं गेलं.

"यात दोन गोष्टी हैत," मुक्ताबाई पुन्हा मॅडमकडे वळल्या. "आबा गेलं तवा वीरधवल पाच वर्सांचा व्हता. त्येला आजाचं बोलणं कुठनं आठवणार? ह्ये खाकरणं, ही चाल, ह्यो शब्द त्यो माझ्याकडनं शिकला. मी आबाला म्हणत व्हते, त्येनं पोरीला म्हटलं. मी खाली बसून वर म्हणत व्हते, त्येनं वरनं खाली म्हटलं. ती चूक त्येची. ती लिवा. आन् दुसरी. मी म्हणायची तवा पोरीला बी लागायचं. तिनं परवा सांगितलं. ती चूक माझी. ती बी लिवा."

हवालदाराने मॅडमकडे पाहिलं.

"दुसऱ्या गोष्टीचा या गुन्ह्याशी संबंध नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही त्याच समाजाच्या. त्या कलमाखाली ते येतच नाही. आणि त्यांचा वकील तेच वाक्य उचलेल, लक्षात घ्या."

"उचलू द्या. येक गाळून दुसरं लिवलं तर त्ये पोरीचं सांगणं हुत न्हाई, निस्तं माझं हुतं."

जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, फक्त वाचून दाखवतात. मॅडमनी कागद स्वतः हातात घेतला आणि सावकाश, मोठ्याने वाचला. क्रेटवर बसलेल्या बायकांनी ऐकला. प्रियदर्शनीने ऐकला. शेवटचं वाक्य असं होतं: 'माझ्या अशा बोलण्यानेही फिर्यादीस दुःख झाले असून ते मला अलीकडेच समजले आहे.'

"आसंच का?" मॅडमनी विचारलं.

"व्हय. आसंच."

भाऊसो दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "आजपासनं टेम्पो येणार न्हाई."

"बरं," मुक्ताबाई म्हणाल्या.

बाहेर रेश्माने त्यांना गाठलं. डोळे लाल. "आवं मावशी, फीत माझी व्हती, त्येचं मला लय वाईट वाटतंय. पर आमचं सतरा जणींचं काम गेलं की. तुमचं तुमच्यात मिटवायचं व्हतं."

"आमच्यात ठिवलं म्हणूनच हितवर आलं, रेश्मा."

रेश्माला ते पटलं नाही. तिने तसं सांगितलं आणि ती पुढे निघून गेली. तिच्यामागे आणखी सहा-सात जणी गेल्या. लिंबाखालून धनाजीही वहिनीशी न बोलता मोटरसायकलला किक मारून गेले. पुढच्या आठवड्यात मुक्ताबाईंनी चार शेडांना फोन केले. एका ठिकाणी नऊ बायकांची जागा निघाली, बाकीच्यांची नाही. वीरधवलला जामीन मिळाला. फिर्याद प्रियदर्शनीने मागे घेतली नाही. तारखा पडत आहेत.

त्या सोमवारी मात्र दोघींना चालतच परतायचं होतं. डांबरी रस्ता, दोन्ही बाजूला खरड छाटणी झालेल्या बागा, सावली कुठेच नाही. अर्धा रस्ता झाल्यावर प्रियदर्शनीने स्वतःची पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली.

"माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली.

मुक्ताबाईंनी दोन घोट घेतले, बाटलीचं झाकण लावलं.

"मी कुठं म्हटलं जाऊ दे म्हणून," त्या म्हणाल्या, आणि बाटली परत दिली.